आधी नळ, मग टॉवर

राज्य सरकारने २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे पुणे महापालिकेत घातली. क्षेत्रफळात पुण्याने मुंबईलाही मागे टाकले, पण पाणी हद्दीच्या मागोमाग गेले नाही. खडकवासला धरण हाकेच्या अंतरावर असूनही नव्याने आलेल्या नांदेड आणि किरकटवाडी या गावांतील लोकांना विहिरीचे अर्धवट शुद्ध केलेले पाणी प्यावे लागत होते, हे जानेवारी २०२५ मध्ये गुइलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराच्या साथीने चव्हाट्यावर आणले. दोष एकट्या पालिकेचा नाही. २०२१ मध्ये आलेल्या २३ गावांचे नियोजन सरकारने पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) सोपवले. म्हणजे बांधकाम परवानग्या एकाच्या हाती आणि नळ, गटार, कचरा दुसऱ्याच्या माथी आले. त्यात मार्च २०२२ पासून २०२६ च्या निवडणुकीपर्यंत पालिकेवर प्रशासक होता. गाऱ्हाणे न्यायला नगरसेवकही उरला नव्हता. ग्रामपंचायत गेली, कर वाढला, टँकर मात्र तसाच राहिला. शहरे वाढणारच; जिथे रोजगार तिथे माणसे जाणारच. म्हणूनच जलवाहिनी आणि मैलावाहिनी पोहोचल्याशिवाय नव्या इमारतींना भोगवटा पत्र मिळू नये. टँकरने पाणी पुरवू या बिल्डरच्या हमीपत्रावर टॉवर उभे करण्याची सवय सरकारने आता मोडलीच पाहिजे.