होकाराचा एक बाइट

व्हीपीएनवर नाव आणि पासवर्ड टाकला की आत घ्यायचे की नाही हे समोरचे यंत्र स्वतः ठरवत नाही. ते मागच्या सर्व्हरला विचारते आणि ही विचारणा बऱ्याच ठिकाणी 'रेडियस' प्रोटोकॉलने होते. फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडले जायचे त्या काळातली ही रचना आहे.

तिचे पॅकेट मोठे आटोपशीर. एक बाइट संदेशाचा प्रकार, एक बाइट क्रमांक, दोन बाइट लांबी, सोळा बाइटचा 'ऑथेंटिकेटर' आणि पुढे लागतील तशी ॲट्रिब्यूट्स. पहिल्या बाइटमध्ये २ आला तर प्रवेश, ३ आला तर नकार. तो २ सर्व्हरनेच लिहिला याची ग्वाही उत्तरातल्या त्या सोळा बाइटांनी द्यायची. ती एमडी५ या हॅश-पद्धतीने काढलेली असते आणि हिशेबात शेवटी सर्व्हर आणि विचारणारे यंत्र या दोघांनाच ठाऊक असलेले गुपित जोडतात.

एमडी५ची टक्कर, म्हणजे दोन वेगळ्या मजकुरांचा एकच हॅश, २००४ मध्ये शियाओयुन वांग आणि सहकाऱ्यांनी दाखवली. २००८ मध्ये त्याच वाटेने बनावट प्रमाणपत्र-संस्थाही उभी करून दाखवली गेली. वेबने यथावकाश धडा घेतला. रेडियसवाले मात्र गुपिताच्या भरवशावर निवांत राहिले.

जुलै २०२४ मध्ये 'ब्लास्ट-रेडियस' हल्ला जाहीर झाला. सर्व्हर आणि त्याला विचारणारे राउटरसारखे यंत्र यांच्यामध्ये शिरकाव मिळालेल्याला पासवर्ड नको, गुपितही नको. तो ३ चा २ करू शकतो. साध्या, नुसत्या नाव-पासवर्डच्या विनंतीवर खाडाखोड ओळखणारी कसलीच खूण नसते. म्हणून तो 'प्रॉक्सी-स्टेट' या ॲट्रिब्यूटमध्ये आपला कचरा भरतो आणि नियमाला बांधलेला सर्व्हर तो जसाच्या तसा उत्तरात परत पाठवतो. पुढे टक्कर जुळवली की झाले. गुपित शेवटी जोडलेले असल्याने जुळलेली टक्कर मोडत नाही. नेटवर्कच्या उपकरणांवर प्रशासकाने लॉगिन करण्यासाठीही बऱ्याच ठिकाणी हीच साधी पद्धत वापरतात, हे विशेष.

संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. उपाय जुनाच आहे. 'मेसेज-ऑथेंटिकेटर' हे अवघ्या अठरा बाइटचे ॲट्रिब्यूट रेडियसच्या आजच्या मूळ दस्तऐवजाबरोबर, म्हणजे जून २००० मध्येच छापले गेले. ईएपी ही ओळख पटवण्याची वेगळी पद्धत वापरणाऱ्यांना ते सक्तीचे होते, म्हणून कंपन्यांचे आणि विद्यापीठांचे एंटरप्राइज वाय-फाय वाचले. बाकीच्यांना ते ऐच्छिक ठेवले. ऐच्छिक सुरक्षा कोण चालू करतो?

तेव्हा नेटवर्क सांभाळणाऱ्यांनी सर्व्हर आणि राउटर दोन्ही अद्ययावत करावेत, हे ॲट्रिब्यूट नसलेले पॅकेट दोन्ही बाजूंनी नाकारावे आणि जमेल तिथे रेडियस टीएलएसच्या कूटबद्ध जोडणीतून न्यावे. "तुमचे नेटवर्क आतले आहे, धोका नाही," असे विक्रेता म्हणालाच, तर ते त्याच्याकडून लेखी घ्यावे.