गॅस भडकला, असं म्हणण्याआधी

गॅस एजन्सीच्या भिंतीवर लावलेलं सुरक्षेचं पत्रक कधी नीट पाहिलंय? त्यात एक बाई असते. नीटनेटकी साडी, कपाळाला टिकली, चेहऱ्यावर हसू. तिला सांगितलेलं असतं : सुती कपडे घाला, पदर खोचा, दूध उतू जाऊ देऊ नका, निजायच्या आधी रेग्युलेटर बंद करा. पत्रकात पुरुष असलाच तर तो गणवेशातला, सिलिंडर आणून देणारा. घरातला पुरुष कुठेच नाही. सगळ्या सूचना बाईला, आणि म्हणून उद्या काही झालं तर सगळा दोषही बाईला. ‘महिलेच्या निष्काळजीपणामुळे’ हे शब्द पंचनामा व्हायच्या आधीच शेजारपाजारी फिरू लागतात.

मला या ‘काळजी घ्या’चा राग आहे. काळजी बाईने घ्यायची. पण कनेक्शन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, बुकिंग त्याच्या फोनवरून, डिलिव्हरीचा कोड त्याच्याच मोबाइलवर, आणि नळी बदलायचे पैसे त्याच्या खिशात. १ मे २०१६ला सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेत गरीब घरातल्या बाईच्या नावावर कनेक्शन मिळू लागलं, ही गोष्ट चांगलीच झाली. पण नावावर असणं आणि हातात असणं यातलं अंतर आपण सातबाऱ्याच्या बाबतीत पुरेपूर पाहिलेलं आहे. गॅसचंही तेच.

आपल्यातल्याच काहीजणी म्हणतात, शेगडीची निगा कशी राखावी हे रविवारच्या पुरवणीने सांगावं, चळवळीच्या अंकात हे कशाला? बाईला चुलीपासून सोडवायचं की शेगडी घासायला शिकवायचं? प्रश्न रास्त वाटतो, पण मला पटत नाही. ज्या वस्तूजवळ बाई रोज तीन-चार तास उभी असते, त्या वस्तूचं यंत्र तिला कळू नये, तिला फक्त ‘काळजी’ कळावी, हीच तर पुरुषी व्यवस्थेची सोय आहे. घरातला फ्यूज त्याने बांधायचा, स्कूटरचा प्लग त्याने साफ करायचा, आणि गॅसची नळी? ती कोणीच पाहायची नाही, फुटली की बाईने भोगायची. आणि दुसरं कारण याहून गंभीर आहे. त्याकडे पुढे येतेच.

आधी गॅसबद्दल बोलू. आपल्या सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण. त्याला स्वतःचा वास नसतो. आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन नावाच्या रसायनाचा, गळती कळावी म्हणून. हा गॅस हवेपेक्षा जड आहे. तो वर जात नाही, जमिनीलगत साचतो, कोपऱ्यात, ओट्याखाली, खाटेखाली. ही एक गोष्ट नीट कळली की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. खाली बसून काडी ओढायची का नाही, सिलिंडर खड्ड्यात किंवा बंद कपाटात का ठेवायचा नाही, हवा खेळायला वरच्या झरोक्याबरोबर खालीही वाट का हवी, सगळं आपोआप समजतं. शिबिरात मी नेहमी इथूनच सुरुवात करते आणि बायका लगेच आपापल्या घराचा नकाशा सांगू लागतात. ‘आमचा देव्हारा ओट्याखालीच आहे की हो!’ नंदादीप चोवीस तास, आणि शेजारी सिलिंडर.

जोडणीचं म्हणाल तर सिलिंडर नेहमी उभा, शेगडी त्याच्यापेक्षा वरच्या पातळीवर, ओट्यावर. खिडकीसमोर शेगडी नको, वाऱ्याने ज्योत विझते आणि गॅस चालूच राहतो. नळी नारिंगी रंगाची, आत तारेची जाळी असलेली, आयएसआय खुणेची. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको आणि मध्ये सांधा मुळीच नको. तिच्यावर वर्ष छापलेलं असतं. पाच वर्षांनी ती बदलायची, चांगली दिसत असली तरी. नळीवर कापड किंवा प्लॅस्टिक गुंडाळायचं नाही, कारण चीर पडली तर दिसायला हवी. फ्रिज शेजारी नको, तो मधूनमधून आपोआप चालू-बंद होतो आणि तेवढी ठिणगी पुरते.

हे सगळं नवी जोडणी देताना दाखवून, समजावून देणं हे एजन्सीच्या माणसाचं काम आहे. मेहरबानी नव्हे, काम. माझ्याकडे आलेला माणूस दारातच म्हणाला, ‘साहेब नाहीत का घरी?’ म्हटलं, साहेब मीच. तर तो सही घेऊन निघाला! परत बोलावून साबणाच्या पाण्याने गळती तपासून घेतली तेव्हा कुठे गेला. सिलिंडर दारात आला की वजन करून मागा. आतला गॅस १४.२ किलो, टाकीचं मोकळं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं, दोन्हींची बेरीज जमली पाहिजे. वरचं सील पाहा. टाकीच्या पट्टीवर अक्षर आणि वर्ष असतं : ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी, सी, डी पुढचे तिमाही. ती तपासणीची मुदत. उलटून गेली असेल तर टाकी परत करा. झडपेच्या आतली रबरी रिंग जागेवर आहे ना आणि गळती नाही ना, हे त्याच्याकडूनच तपासून घ्या. पावतीवरच्या रकमेपेक्षा वरचे पैसे मागायचा हक्क कोणालाही नाही. सदोष रेग्युलेटर बदलून देणं एजन्सीवर बंधनकारक आहे. आणि शेगडी एजन्सीकडूनच घ्या ही सक्ती बेकायदा आहे. आयएसआय खुणेची शेगडी तुम्ही कुठूनही घेऊ शकता. आपल्यापैकी किती जणींना हे माहीत होतं?

गळती पाहायची ती साबणाचा फेस लावून. बुडबुडे आले की तिथे गळती. काडी लावून पाहणारे महाभाग अजून आहेत, आणि ते बहुधा ‘तुला काही कळत नाही’ म्हणणारेच असतात. घरात वास आला तर दिव्याचं, पंख्याचं बटण लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही. निरांजन, उदबत्ती, शेगडी विझवा. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा. तरी वास थांबत नसेल तर रेग्युलेटर काढून टाकीला दोरीने बांधलेली टोपी घट्ट बसवा, जमलं तर टाकी उघड्यावर न्या, मुलाबाळांना बाहेर काढा. फोन करायचा तो घराबाहेर जाऊन. गळतीसाठी १९०६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. हा आकडा घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा, दहा वर्षांच्या मुलालासुद्धा.

आता साफसफाई. ज्योत निळी हवी. पिवळी झाली, भांड्याचं बूड काळं पडू लागलं, की बर्नरची भोकं बुजलेली आहेत किंवा हवेचं प्रमाण बिघडलं आहे. रेग्युलेटर बंद करून, बर्नर पूर्ण थंड झाल्यावर काढायचे, गरम साबणपाण्यात भिजवायचे, ब्रशने घासायचे, भोकं सुईने मोकळी करायची आणि पार कोरडे करूनच बसवायचे. शेगडीवर बादलीभर पाणी ओतून धुवायची सवय पुष्कळ घरांत आहे, ती सोडा. नळी आणि रेग्युलेटर ओल्या फडक्याने पुसण्यापुरतेच. ज्या बारीक छिद्रातून गॅस बर्नरमध्ये येतो, त्यात मात्र सुई घालायची नाही. ते छिद्र थोडं जरी मोठं झालं तरी ज्योतीचा ताल बिघडतो. ते मेकॅनिकचं काम. बटण घट्ट फिरत असेल तर तेल सोडू नका, तेही त्याच्याकडेच द्या.

आणि हे सगळं मी बाईला उद्देशून लिहितेय, यात माझीच गोची आहे, हे मला दिसतंय. जेवतात सगळे, बर्नर घासते एक. म्हणून आमच्या शिबिरात आता नियम आहे : गॅसच्या सत्राला जोडीने यायचं. नवरा, भाऊ, मुलगा, कोणीही चालेल. ‘बर्नर कसा काढतात?’ असं विचारल्यावर चाळिशीच्या बाप्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

एका खोलीच्या संसाराचं काय? दहा बाय दहाच्या खोलीत ओटा कुठला, आणि खालची हवा कुठली? तिथे पत्रकातल्या सूचना म्हणजे चेष्टाच. भाड्याने राहणाऱ्या, स्थलांतर करून आलेल्या बायांकडे पत्त्याचा पुरावा नसतो, म्हणून त्या मोठ्या टाकीतून छोट्या टाकीत चोरून भरलेला गॅस घेतात. हा धंदा भयंकर धोक्याचा आहे. पण त्यासाठी बाईला दोष देण्याआधी हे सांगा की पाच किलोची कंपनीची टाकी केवळ ओळखपत्रावर मिळते हे वस्तीत कोणी सांगितलं? आपण तरी सांगितलं का?

आता ते दुसरं कारण.

‘स्टोव्हचा भडका उडाला.’ ऐंशीच्या दशकात हे वाक्य आपण किती वॉर्डांत ऐकलं! रॉकेलचा स्टोव्ह पुष्कळ घरांतून गेला. वाक्य गेलं नाही, त्यात गॅस आला. २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यातल्या अंदाजाप्रमाणे २००१ या एका वर्षात भारतात १ लाख ६३ हजार माणसं जळून मेली, त्यांत १ लाख ६ हजार बायका. पोलिसांच्या नोंदींच्या सुमारे सहा पट! मरणाऱ्यांत पंधरा ते चौतीस वयाच्या बायका सर्वांत जास्त, आणि त्या वयात एका पुरुषामागे तीन बायका. आग काय वय आणि लिंग बघून लागते? स्वयंपाक बायका करतात हे उत्तर काही अंशी खरं आहे. पण सासू आणि आजीही स्वयंपाक करतातच की.

म्हणून मी म्हणते, गॅस कसा भडकतो हे प्रत्येक कार्यकर्तीला ठाऊक हवं. खोलीत साचलेला गॅस पेटला तर तो खोलीभर पेटतो. खिडक्यांची तावदानं, पडदे, फळीवरचे डबे, जवळची माणसं, कुठे ना कुठे खूण राहते. बाई नव्वद टक्के भाजलेली आणि शेजारचं प्लॅस्टिकचं तेलाचं बुधलं जसंच्या तसं, असं दिसलं तर विचारा. पदर किंवा ओढणी बर्नरवर पेटली तर ती एकटीच भाजू शकते, हेही तितकंच खरं. म्हणून एका खुणेवरून खून किंवा अपघात ठरवायचा नाही. तो न्यायवैद्यक तज्ज्ञाचा प्रांत. आपलं काम प्रश्न नोंदवायला लावण्याचं. रेग्युलेटर चालू होता की बंद? शेगडीची बटणं कुठल्या स्थितीत होती? नळी कुठे जळली, की शाबूत आहे? टाकीत गॅस किती उरलाय? ओट्यावर भांडं होतं का, आणि त्यात काय शिजत होतं? रॉकेलचा वास, केसांचा आणि कपड्यांचा नमुना ठेवला का? घरातलं दुसरं कोण भाजलं, आणि विझवताना कोणाचे हात भाजले? यातला एक प्रश्न जरी पंचनाम्यात आला तरी ‘गॅस भडकला’ या दोन शब्दांवर कागद मिटत नाही.

कायद्यानेही मिटता कामा नये. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईचा भाजून किंवा अनैसर्गिक परिस्थितीत मृत्यू झाला आणि मरणापूर्वी तिचा हुंड्यासाठी छळ झालेला असेल, तर तो हुंडाबळी. १९८६ साली ३०४ ब म्हणून आलेलं हे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८० वं आहे. भाजण्याचा उल्लेख खुद्द कलमात आहे. बाई शुद्धीवर असेल तर तिचा जबाब घेताना सासरचं कोणी खाटेपाशी नको, आणि ती बोलण्याच्या स्थितीत आहे असं डॉक्टरांनी लिहून द्यायला हवं. जबाब घेताना उशाशी नवरा उभा आहे आणि बाई ‘चुकून झालं’ म्हणतेय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि खरोखर अपघात असेल तर? तरीही त्या बाईला काही देणं लागतं. नोंदणीकृत ग्राहकाच्या घरी झालेल्या गॅसच्या अपघातासाठी तेल कंपन्यांचा विमा असतो, त्याचा हप्ता ग्राहकाला भरावा लागत नाही. एजन्सीला ताबडतोब लेखी कळवा, पोहोच घ्या, पोलिसांच्या कागदांच्या प्रती आणि दवाखान्याची बिलं जपून ठेवा. एजन्सीवाले स्वतःहून हे सांगायला येत नाहीत.

तेव्हा मैत्रिणींनो, आपापल्या वस्तीतल्या दहा घरांच्या नळ्यांवरची वर्षं पाहून या. एजन्सीने जोडणी करताना कोणाला, काय समजावलं ते विचारा. जळीत प्रकरणात पंचनामा मिळाला असेल तर त्यात शेगडीबद्दल किती ओळी आहेत त्या मोजा. नावं-गावं गाळून आम्हाला लिहून पाठवा. पोस्टकार्डही चालेल.