पूर, नाव आणि शेतकरी

कृष्णाकांठच्या गांवांतून एके काळीं नावेची तर ही रोजच्या व्यवहाराची गोष्ट होती. पैलतीरावर रान असणारा शेतकरी औतफाटा व वैरण घेऊन नावेनें जात येत असे, आणि नावाडी हा गांवांतील जाणता मनुष्य गणला जात असे. पुढें पूल झाले, बंधारे झाले, आणि तरी एकामागून एक बंद पडल्या. याबद्दल कोणी हळहळावें असें आम्ही म्हणत नाहीं. पूल ही मोठीच सोय आहे. परंतु तरीबरोबर नदीचें ज्ञानही गांवांतून गेलें, आणि पूर मात्र गेला नाहीं. ही गोष्ट आमच्या सभासदांनीं गंभीरपणें विचारांत घ्यावी, म्हणून हा लेख.

सन २००५, २०१९ व २०२१ या तीन सालीं कृष्णा व पंचगंगा यांच्या महापुरांनीं सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील नदीकांठ धुऊन काढिला. तिन्ही वेळां पाणी पुष्य व आश्लेषा या नक्षत्रांच्या सुमारास चढलें. सांगलीस आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशाऱ्याची व ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यावर हेच आंकडे ३९ व ४३ असे आहेत. सन २०१९ च्या ऑगस्टांत सांगलीस पाणी ५७ फुटांवर, व राजाराम बंधाऱ्यास ५५ फुटांवर गेलें. त्याच पुरांत, ८ ऑगस्ट रोजीं, पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें गांवकऱ्यांस बाहेर काढणारी नाव उलटून दहांहून अधिक माणसें बुडालीं; त्यांत बायका होत्या, मुलें होतीं. नावेंत तिच्या शक्तीबाहेर माणसें बसलीं होतीं, असें त्या वेळीं सर्वत्र प्रसिद्ध झालें. बसणारांस दोष देणें निर्दयपणाचें होईल. चोहोंकडे पाणी चढत असतां नाव दिसली, तर मागें राहण्यास कोण राजी होईल? उणीव असते ती गर्दी होण्यापूर्वी नियम न ठरविण्याची.

हे नियम नवे शोधावयाचे नाहींत. जुन्या नावाड्यांस ते ठाऊकच होते. पहिला नियम असा, कीं नावेंत नावाड्याचा शब्द शेवटचा. किती माणसें घ्यावयाचीं हें तोच ठरवील. तेथें सरपंचाचा वा मोठ्या बागाइतदाराचा अधिकार चालूं नये. दुसरा नियम, सर्वांनीं तळाशीं बसावें. दहा माणसें म्हणजे सहाशें किलोंचें ओझें. तें बसलेलें असेल तर नाव स्थिर राहते, उभें राहून एका अंगास झुकलें कीं नाव पाणी घेते. म्हणून नावेच्या बाहेरील अंगास तांबडा पट्टा ओढून ठेवावा, आणि पट्टा पाण्यास टेकला कीं पुढील माणूस घेऊं नये. तिसरा नियम, धार सरळ तोडूं नये. कांठाकांठानें वरच्या अंगास जाऊन मग तिरपें उतरावें. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो, हें पोहणाऱ्या तरुणांनींही विसरूं नये. गुडघाभर पाणी म्हणून मोटारसायकल घालणारे वाहून गेलेले आपण सर्वांनीं ऐकिले आहेत.

चौथी गोष्ट जुन्या नावाड्यांस ठाऊक नव्हती, ती नव्या काळाची आहे. आतां पुराच्या पाण्याखालीं कुंपणाच्या तारा, बिनकठड्याच्या विहिरी, द्राक्षबागांचे मांडव व उसाचे फड असतात; उसाचा पाला यंत्राच्या पंख्यांत गुंतला कीं नाव जागच्या जागीं फिरूं लागते. विजेच्या तारा तर पाणी चढल्यानें डोक्याशीं येतात. अशा ठिकाणीं उभा धरलेला ओला बांबू तारेस लागला तर काय होईल हें सांगावयास नको. म्हणून वीज बंद झाल्याची खात्री झाल्यावांचून शिवारांतून नाव घालूं नये. आणि कोणत्या रानांत कोठें विहीर आहे हें जाणणारा गांवचा एक माणूस नावेंत असावाच.

गुळाची काहील पाण्यांत सोडून तींतून ये-जा करण्याची चाल आपल्या भागांत पुष्कळ जुनी आहे. संथ पाण्यांत, एका सराईत माणसानें ती वापरिली तर आमची हरकत नाहीं. परंतु काहिलीस नाळ नाहीं, सुकाणू नाहीं, आणि धारेस लागली कीं ती भोवऱ्यासारखी फिरते. तींत लेकरें बसवूं नयेत. त्यापेक्षां झांकण घट्ट बसणारे रिकामे डबे दोरीनें बांधून प्रत्येक घरीं ठेवावे. वीस लिटरचा असा डबा सुमारें वीस किलोंचें ओझें पाण्यावर तोलून धरतो. माणसाचें तोंड पाण्यावर राहण्यास तेवढें पुरेसें आहे. सुरक्षेचें जाकीट मिळालें तर उत्तमच, पण तें अंगांत घालून बंद आवळावे. मांडीवर ठेवलेल्या जाकिटाचा उपयोग होत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, सरकारचीं पथकें आहेत, मग ही उठाठेव कशास? सन २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्यानें राष्ट्रीय दल उभें राहिलें व त्याची एक तुकडी पुण्याजवळ असते, हें खरें. त्या जवानांचें उपकार आपला भाग विसरणार नाहीं. परंतु शेंकडों गांवें एकाच रात्रीं वेढलीं जात असतां प्रत्येक गांवीं त्यांची नाव पहिल्या प्रहरींच पोहोंचेल, ही अपेक्षा रास्त नव्हे. रस्ते बुडाल्यावर नाव आणणारी गाडीही अडकते. मधले तास गांवानेंच काढावयाचे असतात.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. शेतकरी वेळीं घर कां सोडीत नाहीं? त्याला भीति कळत नाहीं असें नाहीं. त्याच्या दावणीस गुरें आहेत. दोन म्हशी व एक गाय हें ज्याचें रोकड उत्पन्न, तो त्यांस पाण्यांत बांधून निघून जाईल कसा? नावेंत म्हैस चढत नाहीं. म्हणून माणसांच्या सुटकेची तयारी गोठ्यापासून सुरू झाली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे. मृगापूर्वीच उंचवट्याची जागा ठरवावी, तेथें पंधरा दिवसांची वैरण रचून ठेवावी, आणि पाणी इशाऱ्याच्या रेषेस पोहोंचतांच जनावरें पायीं हलवावीं. जनावर गेलें कीं धनी आपोआप मागून जातो. पाणी अकस्मात आलेंच, तर निदान दावीं सोडावीं. मोकळें जनावर पोहून वांचण्याचा संभव असतो, बांधलेल्याचा नसतो.

दुसरें एक कर्तव्य जमीनदार या नात्यानें आम्हांवर आहे. ट्रॅक्टर व ट्रॉली आमच्यापाशीं असते. आमच्या रानांत खोपटांत राहणाऱ्या सालगड्यापाशीं नसते. त्याचें खोपट बहुधा मळींतच, सर्वांत सखल जागीं असतें. धान्याचीं पोतीं हलवून झाल्यावर त्याची आठवण होणें हें धर्मास धरून नाहीं. पहिली ट्रॉली त्याच्या मुलांबाळांची असावी.

पूर ओसरल्यावरही संकट सरत नाहीं. मातीच्या भिंती पाण्यांत उभ्या राहतात आणि वाळतां वाळतां कोसळतात; म्हणून पारखून घेतल्यावांचून घरांत निजूं नये. बुडालेली मोटार पुरती सुकवून तपासल्याशिवाय कळ दाबूं नये. विहिरीचें पाणी उपसून, शुद्ध करूनच प्यावें. चिखलांत उघड्या पायांनीं काम केल्यास लेप्टोस्पायरोसिसची बाधा होऊं शकते. ताप आल्यास दवाखान्यांत जाण्यास दिरंगाई नको. उसांतील पाण्यास प्रथम चर काढून वाट द्यावी. शेंडा गाळानें भरून कुजलेला ऊस धरून ठेवण्यांत हांशील नाहीं. पंचनामा होईपर्यंत नुकसानीचीं छायाचित्रें जपावीं, आणि सातबारा व पासबुकें यांच्या प्रती आधींच परगांवच्या नातलगाकडे ठेवाव्या.

आमची सूचना थोडक्यांत अशी: पूररेषेंतील प्रत्येक गांवीं सभासदांनीं वर्गणी करून एक बळकट नाव घ्यावी, कोळी, भोई वा अन्य समाजांतील जे पाणी जाणणारे आहेत त्यांच्या हातीं ती सोंपवावी, व त्यांच्या श्रमाचा मोबदला द्यावा. फुकट सेवेवर उभें केलेलें काम दुसऱ्या पावसाळ्यास टिकत नाहीं. त्यांनीं गांवांतील चार तरुणांस वल्हें धरावयास शिकवावें, आणि दर ज्येष्ठांत एक दिवस साऱ्या गांवानें नावेंत चढण्या-उतरण्याचा सराव करावा. नाव उन्हाळ्यांत झाडाखालीं पालथी पडून फुटली आणि श्रावणांत तिचें स्मरण झालें, असें होऊं देऊं नये. बी-भरणाची तजवीज आपण पेरणीच्या आधीं करितों. जिवाची तजवीज पुराच्या आधीं करावी, इतकेंच आमचें मागणें आहे.