वीस रुपयांचा फरक

साधारण धान आणि ‘अ’ दर्जाचा धान यांच्या हमीभावात क्विंटलमागे वीस रुपयांचा फरक असतो. २०२३-२४ च्या हंगामात २,१८३ आणि २,२०३, पुढच्या वर्षी २,३०० आणि २,३२०, त्यापुढे २,३६९ आणि २,३८९. भाव दरवर्षी चढतो, वीस रुपये मात्र आहेत तिथेच. आणि हा दर्जा ठरतो तो दाण्याच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणावरून. भात शिजल्यावर घरभर वास सुटतो की नाही, याच्याशी सरकारी खरेदीला काही देणंघेणं नाही.

गोंदिया जिल्ह्यात कुठल्या बांधीत काय रोवलं जाईल, याचा निम्मा हिशोब या वीस रुपयांत होऊन जातो. ‘जय श्रीराम’ किंवा ‘एचएमटी’सारख्या बारीक धानाला खुल्या बाजारात मान आहे, पण त्याचा उतारा कमी आणि जास्तीचा भाव देणारा फक्त व्यापारी. ठोकळ धान भरघोस पिकतो आणि आधारभूत खरेदी केंद्रावर हमखास जातो. मग घरी खाण्यापुरतं बारीक, केंद्रासाठी ठोकळ, असा सरळ विचार शेतकरी करतो. त्यात त्याची चूक काय? एचएमटी ज्यांनी निवडून निवडून तयार केला ते दादाजी खोब्रागडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे, जेमतेम जमिनीचे शेतकरी. त्यांचा तांदूळ देशभर गेला. सरकारी भावाच्या तक्त्यात अशा निवडीचं मोल मात्र फार तर वीस रुपये.

आपल्याकडे ‘बाजार’ म्हटलं की मागणी-पुरवठ्याच्या गोष्टी निघतात. धानाच्या मुलखात राहणाऱ्याला त्या जरा पुस्तकी वाटतात. इथे हमीभाव दिल्लीत ठरतो, बोनस मुंबई-नागपुरात, शेजारच्याचा भाव रायपुरात आणि निर्यातीचं दार पुन्हा दिल्लीत उघडतं-मिटतं. या साऱ्या कागदांच्या मधल्या फटीत जो उरतो, तो बाजार.

मिलचंच बघा. मुंबई-हावडा मार्गावरचं जंक्शन, चहूकडे धान, म्हणून गोंदियात राइस मिल उभ्या राहिल्या हे खरं. पण आज त्यातल्या बऱ्याच मिलचं वर्ष सरकारी भरडाईवर चालतं. मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळ धान खरेदी करतात, मिलवाला तो उचलतो, भरडतो आणि तांदूळ सरकारी गोदामात जमा करतो. नियम असा, की क्विंटलभर धानामागे अरवा (न उकडलेला) तांदूळ ६७ किलो आणि उष्णा (उकडलेला) ६८ किलो परत आला पाहिजे. धान उन्हाळी असला की दाणा जास्त तुटतो, कनकी वाढते, आणि मग ६७ चं गणित जुळवताना मिलवाल्याच्या कपाळावर आठ्या पडतात. केंद्र सरकारचा भरडाईचा दर अरव्याला क्विंटलमागे १० रुपये आणि उष्ण्याला २०. कोंडा आणि भुसा मिलवाल्याकडे राहतो हे त्यात गृहीत धरलेलं आहे, तरीही दहा रुपये ही रक्कम ऐकून नवखा माणूस दोनदा विचारतो. राज्य सरकार त्यावर भर घालतं. किती घालायची यावरून मिलवाले आणि शासन यांची ताणाताणी होते, तेवढे दिवस उचल थांबते, गोदामं तुंबतात, आणि खरेदी केंद्रावर सांगितलं जातं की जागा नाही, नंतर या.

धोरण यंत्रापर्यंत कसं पोचतं, याचा ताजा नमुना म्हणजे फोर्टिफाइड तांदूळ. १५ ऑगस्ट २०२१ ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली की सरकारी योजनांतला तांदूळ पोषणयुक्त असेल. म्हणजे शंभर किलो तांदळात एक किलो लोह-जीवनसत्त्वांचे दाणे मिसळायचे. ते सारखे मिसळायला ब्लेंडर हवा. भाषण दिल्लीत झालं आणि मिलवाल्याला मशीन घ्यावी लागली. अर्थात याहूनही जाचक दिवस होऊन गेलेत. १९५८ च्या कायद्याने राइस मिल टाकायलाच परवाना लागायचा. हातसडीला जपायचं, असा एक उदात्त हेतू त्यामागे होता. तो कायदा १९९७ मध्ये रद्द झाला, तोवर हातसडी कधीच संपली होती.

आता सीमेकडे वळू. देवरीहून राष्ट्रीय महामार्गाने पूर्वेला निघालं की शिरपूरचा नाका, त्यापलीकडे बाघनदी, आणि तिथून छत्तीसगड. अलीकडची आणि पलीकडची माती एक, पाऊस एक, नातीगोतीसुद्धा एक. भाव मात्र वेगळा. २०२३ च्या निवडणुकीनंतर छत्तीसगडने क्विंटलला ३,१०० रुपये दिले आणि एकरी २१ क्विंटलपर्यंत धान घेतला. त्या वर्षी हमीभाव २,१८३ होता. म्हणजे पलीकडच्या शेतकऱ्याला क्विंटलमागे ९१७ रुपये जास्त, आणि पूर्ण २१ क्विंटल घातले तर एकरी १९,२५७ रुपये. त्याच हंगामात महाराष्ट्राने बोनस दिला तो हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत. एकरी हिशोब केला तर आठ हजारांच्या आसपास. त्यामुळे देवरी-सालेकशाचा माणूस पलीकडच्या सोयऱ्याकडे लग्नाला गेला की मांडवात आधी धानाचा विषय निघतो. आणि धान स्वतःच्या पायाने चालत नसला, तरी रात्रीच्या ट्रॅक्टरने चालू शकतो. छत्तीसगड दरवर्षी खरेदीच्या मोसमात सीमेवर नाके बसवतं, ते काही हौस म्हणून नाही.

आपल्या बोनसची तऱ्हा निराळी आहे. आधी तो क्विंटलवर होता. २०२०-२१ मध्ये ७०० रुपये. नंतर एक वर्ष मिळालाच नाही. मग २०२२-२३ पासून हेक्टरवर आला, आधी १५,००० आणि नंतर २०,०००. केंद्रावर नोंदणी केलेल्या शेतकऱ्याने धान तिथे विकला असो वा नसो, पैसे मिळतात. क्विंटलवर बोनस असताना बाहेरचा धान सातबाऱ्यावर चढवून केंद्रावर घालायचे प्रकार व्हायचे. हेक्टरवर दिल्याने त्याला थोडा चाप बसला, हे मान्य करायला हवं. पण जास्त पिकवणारा आणि बांधी पडीक ठेवून नोंदणी करणारा, दोघं एका ओळीत आले. आणि ही घोषणा व्हायची कधी? बहुधा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, डिसेंबरात.

डिसेंबरपर्यंत काय झालेलं असतं, ते गावात बघावं. हलका धान दिवाळीच्या आधी निघतो. तेव्हा केंद्रं सुरूच झालेली नसतात. दिवाळी तर थांबत नाही, मजुरांचे पैसे थांबत नाहीत, सोसायटीचं कर्ज डोक्यावर असतं. मग धान व्यापाऱ्याकडे जातो, हमीभावापेक्षा कमी दराने, रोख. पुढे केंद्र उघडतं. ट्रॅक्टरची रांग लागते. ग्रेडर मुठीत धान घेतो, यंत्रात घालतो. ओलावा सतरा टक्क्यांच्या वर निघाला की वाळवून आणा. बारदाना संपलेला असतो. चाळीस किलोचा कट्टा काट्यावर एखादा किलो जास्तच भरून घेतला जातो, ही तक्रार तर पिढीजात. आणि धान दिल्यावर चुकारे कधी येतील ते केंद्रवालाही सांगू शकत नाही.

हे झालं घरचं. २० जुलै २०२३ ला केंद्र सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. तेव्हा आपल्याकडे रोवण्या चालू होत्या. एल निनोची धास्ती होती, आणि किरकोळ बाजारात तांदूळ वर्षभरात साडेअकरा टक्क्यांनी महागला, असं सरकारनेच सांगितलं होतं. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती, हे सांगायची गरज नव्हती. अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत तांदळाच्या पोत्यांसाठी झुंबड उडाली, त्याचे व्हिडिओ आपण हसत हसत पाहिले. हसण्यासारखं त्यात फारसं नव्हतं. जगाच्या तांदूळ व्यापारातला सुमारे चाळीस टक्के माल भारताचा. आपण दार लावलं आणि आशियातले भाव पंधरा वर्षांतल्या उच्चांकावर गेले. उष्ण्याची निर्यात तेवढी सुटली होती, तर २५ ऑगस्टला त्यावर वीस टक्के शुल्क बसलं, तेही तत्काळ. मध्य भारतातला बराच उष्णा काकिनाड्याच्या बंदरातून बेनिनसारख्या आफ्रिकी देशांत जातो. तिथल्या गिऱ्हाइकाशी सौदा डॉलरमध्ये आधीच ठरलेला असतो. मधेच आलेलं शुल्क तो कशाला भरेल?

पुढे गोदामं ओसंडायला लागली. २८ सप्टेंबर २०२४ ला किमान निर्यात मूल्याच्या अटीवर पांढऱ्या तांदळाची बंदी उठली, आणि ऑक्टोबरात ती अट आणि उष्ण्यावरचं शुल्कही गेलं. धान पिकवणाऱ्या हरियाणात विधानसभेचं मतदान ५ ऑक्टोबरला होतं. दोन्हीचा संबंध लावायचा की नाही, ते ज्याचं त्याने बघावं.

दार आपण लावतो किंवा उघडतो तेव्हा भलत्याच देशात सरकारं डगमगतात. हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. २००८ पासूनची निर्यातबंदी आपण सप्टेंबर २०११ मध्ये उठवली. नेमक्या त्याच सुमारास थायलंडमध्ये यिंगलक शिनावात्रा यांच्या सरकारने शेतकऱ्यांचा धान टनाला १५,००० बाहत दराने घ्यायला सुरुवात केली. हा दर बाजारापेक्षा सुमारे दीडपट होता. माल दाबून ठेवू, जगात भाव चढला की विकू, असा त्यांचा होरा. पण भाव चढण्याऐवजी भारताचा स्वस्त तांदूळ बाजारात उतरला. २०१२ मध्ये निर्यातीत पहिला नंबर आपण घेतला आणि थायलंडची गोदामं भरलेलीच राहिली. यिंगलक यांची सत्ता २०१४ मध्ये गेली, त्याला कारणं इतरही होती. पण २०१७ मध्ये कोर्टाने त्यांना पाच वर्षांची शिक्षा सुनावली ती या तांदूळ योजनेतल्या हलगर्जीपणाबद्दल. निकाल लागण्याआधीच त्या देश सोडून गेल्या होत्या.

थायलंडचा हा सल अजून गेलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अबुधाबीत जागतिक व्यापार संघटनेची परिषद भरली होती. तिथे थायलंडच्या राजदूत पिमचनोक पिटफील्ड यांनी आरोप केला, की गरिबांच्या नावाने सरकारने खरेदी केलेला भारताचा तांदूळ निर्यात बाजारात जातो. भारताने कडक निषेध नोंदवला आणि थायलंडला आपली राजदूत बदलावी लागली. निषेध योग्यच होता. कारण या संघटनेचे नियम अनुदान मोजताना १९८६ ते ८८ चे भाव धरून बसलेत, आणि त्या मापाने मोजलं तर आमच्या केंद्रावरचा हमीभाव म्हणजे उधळपट्टी दिसते. रेशनचं दुकान चालवायचं तर खरेदी करावीच लागणार. पंचवीस-तीस एकरांतल्या मोठ्या शेतकऱ्याची ती चैन नाही, दोन-अडीच एकरवाल्याचा तो आधार आहे.

म्हणून सरकारने धानातून अंग काढून घ्यावं, असं मी म्हणणार नाही. गोंदियात तसं म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही, मिलवाल्यांतही नाही. माझी तक्रार कॅलेंडरची आहे. हमीभाव जूनच्या सुमारास कळतो, तो ठीक. पण निर्यातीचं दार हंगामाच्या मधोमध बंद होतं, भरडाईचा दर गोदामं भरल्यावर ठरतो आणि बोनस पुंजणे (कापलेल्या धानाचे ढीग) उठल्यावर. शेतकऱ्याला वाण निवडायचा असतो मे महिन्यात, पऱ्हे (रोपं) टाकायच्या आधी. बारीक आणि ठोकळ यांतला वीस रुपयांचा फरक पन्नास किंवा शंभर करायचा असेल, बोनस क्विंटलवर द्यायचा की हेक्टरवर हे ठरवायचं असेल, तर त्याला ते तेव्हा कळायला हवं. बोनस अधिवेशनातच जाहीर करायचा असा शिरस्ता असेल, तर पावसाळी अधिवेशनही मुंबईत रोवणीच्याच दिवसांत भरतं. तिथे कोणी अडवलंय?