चष्मा नको, आईला खाट द्या

सदतीस आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाला कसे धरावे, उबेत कसे ठेवावे, दूध कसे पाजावे, हे आईबापांना आभासी वास्तवाचा चष्मा चढवून शिकवावे, असा विचार वैद्यकीय क्षेत्रात मांडला जात आहे. परिचारिकांच्या सरावाला असे साधन उपयोगी पडेल, हे मान्य. परंतु कोरेगाव तालुक्यात उसाच्या फडाशेजारी कोपीत राहणाऱ्या बाईला तो चष्मा काय देणार?

बीडकडून येणाऱ्या तोडणी टोळीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. उचल आधीच घेतलेली. काम चुकले की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीच्या हिशेबात. या बाईचे बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मले व जिल्ह्याच्या गावी न्यावे लागले, तर तिची वाट अडवते ते अज्ञान नव्हे. बाळ काचेच्या आत आणि आई व्हरांड्यात, ही आपल्या नवजात कक्षांची जुनी रीत. त्यातून ती तेथे थांबलीच, तर मजुरी बुडते. जिला स्वतःचे मूल छातीशी धरू दिले जात नाही, तिला चित्रातले मूल धरायला शिकवणे ही क्रूर थट्टाच होय!

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवण्याची पद्धत १९७० च्या दशकाअखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे, उबपेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून सुरू झाली. भारतासह पाच देशांतील चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली आले: जन्मतःच ही ऊब मिळालेल्या कमी वजनाच्या बाळांत मृत्यू २५ टक्क्यांनी कमी. त्यासाठी आईला अतिदक्षता कक्षातच, बाळाशेजारी जागा द्यावी लागली. आणि शिकवण्याचेच म्हणाल, तर डॉ. अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत ते काम गावातल्याच स्त्रियांवर सोपवले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला, हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. तोच नमुना २०११ साली देशाने स्वीकारला, तेव्हा बेचाळीस दिवसांतील सर्व घरभेटींसाठी आशाताईच्या हाती ठेवले ते २५० रुपये. माणसाच्या श्रमाला ही किंमत देणाऱ्यांना यंत्राचा मोह पडावा, यात नवल ते काय?

नवजात कक्षात प्रत्येक बाळामागे आईसाठी एक खाट हवी. राहिला खाड्याचा प्रश्न. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याचे ठरले आहे. त्या पैशांतून, आई बाळाजवळ असेल तितक्या दिवसांचा, दोघांचाही खाडा भरून द्यावा.