घरचा कॅमेरा आणि हाताचे भांडवल

मुंबईत सिनेमा प्रथम दाखविला गेला तो १८९६ साली. त्याच दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी आपल्या पुत्रांसह काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशात पडद्यावर पाडून ‘शांबरिक खरोलिका’ हा खेळ उभा केला. आज कल्याण-डोंबिवलीत आणि ठाण्यात जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे; तो चित्र कसे टिपतो हे सांगू शकणारा मात्र विरळाच.

हे अज्ञान दूर करण्याचा एक साधा मार्ग म्हणजे मोठ्या आकाराच्या फिल्मचा कॅमेरा स्वतः बनविणे. एकमेकींत सरकणाऱ्या दोन लाकडी पेट्या, पुढे भिंग आणि मागे घासून धूसर केलेली काच, एवढीच त्याची रचना. ४ × ५ इंचांच्या फिल्मसाठी सुमारे १५० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग लागते. काचेवर चित्र उलटे उमटते. ते स्पष्ट झाले की काचेच्या जागी फिल्मची चौकट बसवायची. खरी कसोटी एकच. काचेची घासलेली बाजू आणि फिल्म ही दोन्ही भिंगापासून नेमक्या समान अंतरावर आली पाहिजेत. त्यात किंचित चूक झाली तरी चित्र पुसट येते, आणि सुतारकामातील अचूकता म्हणजे काय ते विद्यार्थ्याला व्याख्यानावाचून कळते.

निव्वळ पैशाच्या हिशेबाने हा व्यवहार तोट्याचा आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. भिंग आणि चौकटी विकत घ्याव्याच लागतात. फिल्मही महाग, आणि १९६० साली स्थापन झालेला ऊटीचा ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ हा सरकारी कारखाना केव्हाच बंद पडला आहे. फिल्मऐवजी छायाचित्रणाचा कागद वापरल्यास खर्च पुष्कळ कमी होतो आणि तो लाल दिव्याखाली हाताळता येतो. पण प्रकाश अधिक वेळ द्यावा लागतो. मग हा खटाटोप कशासाठी?

याचे उत्तर कोल्हापूरने दिले आहे. बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी चलच्चित्रांचा कॅमेरा स्वतःच बनविण्याचे मनावर घेतले. १९१६ साली आनंदराव निवर्तले. तरी बाबूरावांनी दामल्यांच्या साह्याने तो १९१८च्या सुमारास पुरा केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. विलायती कॅमेरा त्याहून सरस असेलही. पण त्या कामातून जी माणसे घडली ती विकत मिळणारी नव्हती. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले दामले, फत्तेलाल आणि शांताराम यांनीच दोन सहकाऱ्यांसह १९२९ साली ‘प्रभात’ची स्थापना केली. खरे भांडवल यंत्रात नव्हते, हातांत होते.

हे भांडवल ठाणे जिल्ह्यातून ओसरू लागले आहे. वागळे इस्टेटमध्ये अनेक जुन्या कारखान्यांच्या जागी कार्यालये आली. लेथवर आयुष्य घालविलेले कारागीर निवृत्त होत आहेत आणि त्यांची विद्या शिकून घेणारा कोणी नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले असून त्यांत सुतार, कुंभार यांच्यासारख्या स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना आहे. हे दिवस सहलींत आणि तक्ते रंगविण्यात संपून जाण्याचा धोका उघड आहे. त्याऐवजी प्रत्येक शाळेने एखादा सुतार आणि एखादा निवृत्त कारागीर बोलावून वर्षाला एक कॅमेरा घडवावा.

यावर परीक्षेत गुण मिळतील काय, असे पालक विचारतील. बहुधा मिळणार नाहीत. परंतु ज्या समाजाला केवळ वापरणेच येते, त्याला घडविणाऱ्याने सांगितलेली किंमत निमूटपणे मोजावी लागते. गुणपत्रिकेत न दिसणारा हा खर्च पुढच्या पिढीच्या खात्यावर पडत राहतो.