नांदेड किती दूर?

दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीवर हिंदूराव रुग्णालय आहे. ज्यांच्या वाड्यावरून हे नाव आले, ते हिंदूराव घाटगे मूळचे कागलचे. बायजाबाई शिंदे यांचे बंधू. या परिसरात राहणाऱ्या आम्हा मोजक्या मराठी कुटुंबांना त्या नावाचा उगाच आधार वाटतो. कागलहून ते येथवर किती दिवसांत आले असतील, हा प्रश्न मला गावी निघताना हटकून पडतो. माझे गाव नांदेड जिल्ह्यात आहे.

नकाशावर पाहिले तर गाझियाबादजवळचा हिंडन विमानतळ आणि नांदेडचा विमानतळ जवळजवळ एकाच रेखावृत्तावर येतात. नाकासमोर दक्षिणेला गेले की झाले. अंतर सुमारे १,०५५ किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटरच्या वेगाने ८० मिनिटे. चढणे, उतरणे, धावपट्टीपर्यंत सरकणे धरून दोन तासांच्या आतबाहेर. सचखंड एक्सप्रेस मात्र भुसावळहून पश्चिमेला मनमाडपर्यंत जाते आणि तेथून जालना, परभणी करीत पुन्हा पूर्वेला वळते. सारा अहोरात्रीचा मामला. (वाटेत मिळणारा लंगर ही त्याची भरपाई. ती मी कधी नाकारलेली नाही.)

२७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेची पहिली विमाने निघाली, त्यांत नांदेड–हैदराबाद हेही होते. सुमारे ५०० किलोमीटर, म्हणजे तासाभराच्या उड्डाणाला, योजनेतील आसनांसाठी २,५०० रुपयांची मर्यादा होती. अंतरावरून भाडे ठरवणे प्रशासनाला सोयीचे असते. ते टिपणीत नीट बसते आणि लेखापरीक्षणातही टिकते. अनुदान तीन वर्षांपुरते होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रूजेट ही विमान कंपनीच थांबली.

त्याच वर्षी पावसाळ्यात आईच्या आजारपणाचा निरोप आला. त्या दिवशी नांदेडला जाणारे विमान नव्हते. हैदराबादला उतरलो आणि पुढचे पावणेतीनशे किलोमीटर मोटारीने गाठले. पोहोचलो तेव्हा आई कोणाला ओळखत नव्हती.

मार्च २०२४ च्या अखेरीस स्टार एअरने हिंडन–नांदेड थेट सेवा सुरू केली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पुलबंगशहून मेट्रोने शहीद स्थळ गाठावे, पुढे थोडेच अंतर. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याची खोड जात नाही. ‘उडान’मध्ये अनुदानासाठी आठवड्याला किमान तीन फेऱ्यांची अट ठेवली गेली. तीन फेऱ्या म्हणजे दोन विमानांमध्ये ५६ तास. निरोप केव्हाही येतो, म्हणून प्रवाशाची सरासरी प्रतीक्षा २८ तासांची. हवेतले दोन तास आपण मिनिटांपर्यंत मोजतो आणि हे २८ तास कोणत्याही तक्त्यात येत नाहीत.

७६ आसनांच्या जेटच्या तीन फेऱ्या म्हणजे आठवड्याला २२८ आसने. ४८ आसनांच्या एटीआर विमानाच्या पाच फेऱ्या केल्या तर २४०. ते विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर जाते, म्हणजे प्रवास पाऊण-एक तासाने लांबेल. पण सरासरी प्रतीक्षा १७ तासांवर येईल. माझ्या मते हा सौदा स्वीकारण्याजोगा आहे आणि अनुदानाचा दर किलोमीटरपेक्षा फेऱ्यांच्या संख्येशी व सातत्याशी अधिक बांधला पाहिजे. लहान विमानात दर आसनामागे खर्च वाढतो, हे खरे. इतर मार्गांवरील उड्डाणांच्या शुल्कातून तो भागवला जातो, त्यामुळे विचारणा होणे रास्तच आहे. तो वाढीव खर्च आणि वाचलेले ११ तास निविदा काढतानाच शेजारी-शेजारी मांडावेत.